हरणाची शिकार आणि काउंटी बोर्डाची निवडणूक, दोन्हीकडे चुकलो. पुन्हा उभं राहू का?

ड्रिफ्टलेस

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

आम्ही विस्कॉन्सिनमध्ये असतो, मॅडिसनच्या पश्चिमेला. गावाचं नाव देत नाही, लहान गाव आहे. हा सगळा भाग टेकड्या, घळी आणि ओढ्यांचा, हिमयुगात बर्फ इथवर आलाच नाही म्हणून ह्याला ड्रिफ्टलेस म्हणतात, आणि मी मूळचा वाईकडचा त्यामुळे पहिल्या दिवसापासून आपलाच वाटला. २०२१ ला सिटिझन झालो, त्याच वर्षी गावाबाहेर साडेपाच एकर आणि एक जुनं घर घेतलं. शेजारी सगळे मका-सोयाबीनवाले नाहीतर दूधवाले. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीचा डिअर सीझन सुरू होतो तो नऊ दिवस चालतो, आणि ते नऊ दिवस म्हणजे गावची जत्राच समजा, पेट्रोल पंपावर पहाटे चारला भडक केशरी जॅकेटातल्या माणसांची ही रांग लागलेली असते. मीपण हंटर एज्युकेशनचा कोर्स केला (१९७३ पासून पुढे जन्मलेल्यांना तो केल्याशिवाय लायसन्स मिळत नाही), रायफल घेतली, रेंजवर जाऊन हात बसवला.

१८ नोव्हेंबर २०२३, सीझनचा पहिला दिवस. दिवसभर बसून काही दिसलं नाही आणि संध्याकाळी उजेड जायला आला तेव्हा एक नर झाडीतून बाहेर आला, शंभर-सव्वाशे यार्डांवर. तो माझ्याकडे तिरका उभा होता. कोर्समध्ये शिकवलं होतं की असा कोन असला तर थांबायचं, तो आडवा होईपर्यंत. मला वाटलं उजेड चाललाय, आत्ता नाही तर नाही, आणि चाप ओढला. तो पाठीत वाकला आणि पळाला. मी पाच मिनिटंसुद्धा थांबलो नाही, लगेच खाली उतरलो आणि मागावर गेलो. जिथे तो उभा होता तिथे पांढरे केस पडलेले होते आणि पानावर रक्ताबरोबर हिरवट काहीतरी, वास येत होता. म्हणजे गोळी पोटात लागलेली. मला ते तेव्हा कळलं नाही असं म्हणणार नाही, कळलं होतं, पण पाय थांबले नाहीत. दोनदा तो बसला होता तिथून मीच त्याला उठवला. मग तारेचं कुंपण आलं, पलीकडे शेजाऱ्याची जमीन, आणि मी न विचारता, हातात रायफल घेऊन, अंधारात कुंपण ओलांडून आत गेलो. हरीण मिळालं नाही. शेजारी मिळाला, गाडीचे लाईट लावून उभा होता. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला की हे कुंपण माझ्या आजोबांनी घातलंय. मी सॉरी म्हणून घरी आलो.

आता दुसरी गोष्ट. हे होऊन दोन आठवडेही झाले नव्हते आणि १ डिसेंबरला काउंटी बोर्डाचे (आपल्या जिल्हा परिषदेसारखं समजा) नॉमिनेशन पेपर्स सुरू झाले, म्हणजे उमेदवारी अर्ज, त्यावर मतदारांच्या सह्या लागतात. बॅलटवर पक्षाचं नाव नसतं, पण मागे पक्ष असतोच, आणि आमच्या इथल्या युनिटने मला उभं राहा म्हणून गळ घातली. (कुठला पक्ष ते मुद्दाम लिहीत नाही, मग सगळी चर्चा तिकडेच जाते.) सह्या मिळाल्या, फेब्रुवारी-मार्चमध्ये बर्फातून दारोदार फिरलो. युनिटने एक अ‍ॅप दिलं होतं, त्यात आपली घरं हिरव्या ठिपक्याने दिसायची आणि मी फक्त हिरव्या ठिपक्यांना गेलो. मधली घरं सोडून. त्या शेजाऱ्याचं घर ठिपक्याशिवायचं होतं, त्याच्या दारावरून गाडी काढून पुढे जायचो. शिवाय युनिटने माझ्या नावाने एक पत्रक छापून टाकलं, त्यात सगळे राज्याचे आणि देशाचे मुद्दे, आमच्या टाऊन रोडचा, विहिरीच्या पाण्याचा एक शब्द नाही, आणि मी ते छापायच्या आधी वाचलं होतं तरी काही बोललो नाही. २ एप्रिल २०२४ ला ६१ मतांनी पडलो. सोडलेली घरं नंतर मोजली तर दोनशेच्या वर निघाली.

त्यानंतर दोन्ही बंद. २०२४ च्या सीझनला लायसन्स काढलं नाही, रायफल कपाटात आहे. युनिटच्या मीटिंगला गेलो नाही. आता २२ नोव्हेंबर २०२५ ला सीझन आहे आणि १ डिसेंबरला पुन्हा पेपर्स निघतील, ६ जानेवारी शेवटची तारीख, ७ एप्रिलला मतदान. मला दोन्ही पुन्हा करायचंय, मनापासून करायचंय, पण त्या हरणाचा वास अजून नाकातून जात नाही आणि तीच चूक परत होईल ही भीती आहे. ज्यांनी ह्यातलं काहीही केलंय त्यांनी सांगा, सुरुवात कुठून करू?

वॉसॉचे काका

अरे बाबा, तू लिहिलंस ते बरं केलंस. मी १९७९ पासून विस्कॉन्सिनमध्ये आहे आणि पहिलं हरीण १९८८ ला मारलं, तेव्हा तुझ्यासारख्या दोन चुका माझ्याही खात्यावर आहेत. तुला काका म्हणून सांगतो, राग मानू नकोस.

आधी शिकारीचं. तिरक्या जनावरावर गोळी टाकलीस ती एक चूक. पण हरीण गमावलंस ते त्या चुकीने नाही, नंतरच्या घाईने गमावलंस. पोटात लागलेलं हरीण लांब जात नाही, त्याला कोणी मागे लागलं नाही तर ते पहिल्या दाट झाडीत जाऊन बसतं आणि तिथेच मरतं, पण त्याला वेळ लागतो, आठ तास, बारा तास. फुप्फुसात लागली तर रक्त गुलाबी आणि फेसाळ असतं, तिथे अर्धा तास थांबलं तरी पुरतं. हिरवट दिसलं, वास आला, की आवाज न करता मागच्या पावली घरी यायचं, जेवायचं, झोपायचं आणि सकाळी उजेडात जायचं. रात्रभर झोप लागत नाही हे मला माहीत आहे. तरी उठायचं नाही. आणि मधल्या वेळात शेजाऱ्याला फोन करायचा. खाजगी जमिनीवर जखमी हरणामागे जायलासुद्धा मालकाची परवानगी लागते, कायदाच आहे तो. तू थांबला असतास तर फोन करायला आख्खी रात्र होती.

हातात रायफल घेऊन अंधारात कुंपण ओलांडलंस हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. तू लहान असशील तेव्हा, किंवा भारतात असशील. २००४ च्या सीझनमध्ये सॉयर काउंटीत दुसऱ्याच्या जमिनीवरच्या ट्री स्टँडवरून (झाडावरचं मचाण) वाद झाला आणि सहा माणसं गेली. गोळ्या झाडणारा ह्मोंग होता (लाओसकडून आलेले आशियाई लोक), आणि त्यानंतर कित्येक वर्षं आपल्यासारख्या चेहऱ्याच्या माणसाकडे जंगलात लोक वेगळ्या नजरेने बघायचे, मी ते अंगावर घेतलंय. तुझा शेजारी नुसते लाईट लावून उभा राहिला आणि आजोबांचं नाव घेऊन गप्प बसला. तो भला माणूस आहे. त्याच्याकडे दोन वर्षांत गेला नाहीस ही खरी चूक आहे, बाकीच्या सगळ्या त्याच्या मागून येतात.

आता राजकारणाचं. तुला वाटतंय ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विस्कॉन्सिनमध्ये हरीण आणि राजकारण कधीच वेगळं नव्हतं. १९३४ पासून इथे कॉन्झर्व्हेशन काँग्रेस आहे, ७२ काउंट्या, प्रत्येकीचे पाच प्रतिनिधी, एप्रिलच्या दुसऱ्या सोमवारी प्रत्येक काउंटीत सभा, आणि कोणीही साधा माणूस उठून हरणाच्या नियमावर बोलू शकतो, ठराव मांडू शकतो. ग्रामसभा समज, फक्त विषय मासे आणि हरणं. ऑल्डो लिओपोल्ड हे नाव तू ऐकलं असशील, मॅडिसनला प्राध्यापक होते. चाळिशीच्या दशकात उत्तरेच्या जंगलात हरणं इतकी झाली की हिवाळ्यात उपाशी मरायची, खालच्या फांद्या पोचतील तिथवर खाऊन साफ. लिओपोल्ड म्हणाले माद्या मारल्याशिवाय कळप कमी होणार नाही. १९४३ ला तसा सीझन झाला, सव्वालाखाच्या वर हरणं पडली, आणि लोक असे खवळले की त्या सीझनला '४३ चा गुन्हा' असं नाव पडलं. त्यांच्या विरोधात एक स्वतंत्र वर्तमानपत्र निघालं. शास्त्र त्यांचं बरोबर होतं. पण ज्या माणसाच्या मनात 'मादी मारायची नाही' हे बापाने घातलेलं होतं, त्या माणसापर्यंत कोणी पोचलं नव्हतं. पुढची काही वर्षं माद्यांना हात लावू दिला नाही लोकांनी. लिओपोल्ड १९४८ ला गेले, शेजाऱ्याच्या रानात लागलेला वणवा विझवायला धावले आणि तिथेच हार्ट अटॅक आला.

आणि हे सगळं शिकून झालं म्हणावं तर २००२ ला तुझ्याच भागात परत तेच. माउंट होरेबजवळ मारलेल्या तीन हरणांमध्ये सीडब्ल्यूडी सापडला. मेंदू सडवणारा रोग आहे, हरीण हाडाचा सापळा होऊन लाळ गाळत फिरतं, प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो आणि तो प्रायॉन मातीत वर्षानुवर्षं टिकतो. सरकारने ठरवलं की त्या पट्ट्यातली हरणं जवळजवळ संपवायची. मॅडिसनच्या ऑफिसात नकाशावर गोल काढला. पण तिथली जमीन सरकारची नव्हतीच, शेतकऱ्यांची होती, त्यांनी कुंपणाची फाटकं लावून घेतली आणि म्हणाले आमच्या रानात कोणी यायचं नाही. त्यातच 'आधी मादी मारा, मग नराचा टॅग (परवाना)' हा नियम, तो तर लोकांच्या डोळ्यात सलायचा, शेवटी २०११ ला विधानसभेने तो काढूनच टाकला. नंतर नव्या गव्हर्नरांनी टेक्सासहून एक तज्ज्ञ आणला, त्याचा अहवाल २०१२ ला आला, आणि २०१४ पासून प्रत्येक काउंटीत हरणांची सल्लागार समिती आली, जिथे शेतकरी, शिकारी, जंगलवाले एका टेबलाला बसतात. हे २००२ लाच करायला हवं होतं. आज रोग निम्म्याहून जास्त काउंट्यांत आहे. तेव्हा विचारलं असतं तर थांबला असता का, मला नाही वाटत पूर्ण थांबला असता, पण शेतकऱ्यांची फाटकं तरी उघडी राहिली असती.

तू नकाशावर हिरवे ठिपके बघत फिरलास. म्हणून हे एवढं सांगितलं.

बाभूळबन

नमस्कार भाऊ. मी अमेरिकेत नाही, यवतमाळ जिल्ह्यातला आहे, शेती करतो. धागा वाचला आणि राहवलं नाही.

आमच्याकडे हरीण मारणं तर १९७२ च्या कायद्याने बंद, आणि ते बरोबरच आहे असं मी मानतो, कारण आजोबांच्या काळी लोकांनी जीपा घेऊन रात्री लाईट मारून जे केलं ते आमच्या घरात अजून सांगतात. पण रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर ह्यांनी जीव नकोसा केलाय. तूर फुलोऱ्यावर आली की रोज रात्री मचाणावर जागलीला जावं लागतं, डबा वाजवायचा, टॉर्च मारायचा, एका झोपेत दोन एकर सपाट होते. नुकसानीचा अर्ज करा, पंचनामा करा, मग वाट बघा. म्हणून तुमच्या शेजाऱ्याचं मला समजतं. शेतकऱ्याला हरीण दिसतं तेव्हा त्याला आपली मेहनत दिसते, आणि कुंपणातून माणूस आत आला की त्याला वाटते हा बी आलाच नुकसान करायला.

माझे बाबा २०१२ ला ग्रामपंचायतीला उभे होते. वॉर्डात एक बेडा (वस्ती) आहे गावाच्या बाहेर, नाल्यापलीकडे. कार्यकर्ते म्हणाले तिकडली मतं तिकडेच जातात, त्यांचा माणूस ठरला आहे, कशाला पेट्रोल जाळता. बाबा गेले नाहीत. ११ मतांनी पडले. पण मला जे सांगायचं आहे ते पुढचं आहे. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच बाबा त्या बेड्यावर गेले, एकटे, कोणाला न सांगता. माय म्हणत होती आता काय उपयोग. तिथल्या एका म्हाताऱ्या आजीनं त्यांना चहा दिला आणि म्हणाली, पडल्यावर आलास, निवडून आला असता तर आला असता का? बाबांकडे उत्तर नव्हतं. पाच वर्षं दर महिन्याला जात राहिले, नाल्यावरच्या रपट्याचं काम त्यांनी मेंबर नसताना तहसीलला चकरा मारून करून घेतलं. २०१७ ला उभे राहिले नाहीत, तब्येत बरी नव्हती. त्या बेड्यावरचे लोक घरी आले होते विचारायला, की भाऊ उभे राहत नाही का म्हणून.

तुम्ही दोन वर्षं घरात बसले हे मला पटलं नाही भाऊ. स्पष्ट बोललो, माफ करा.

मृगजळ

सगळ्यांचा अनुभव मोठा आहे, पण एक गोष्ट मला खरंच समजून घ्यायचीय. ते जनावर पोटात गोळी घेऊन रात्रभर कुठेतरी पडून होतं. हे वाचून मला पुढचं वाचवेना. एवढं होऊनही पुन्हा बंदूक घ्यावीशी का वाटते? निवडणुकीत चूक झाली तर माणूस पडतो आणि पुन्हा उभा राहतो, त्या हरणाला तशी संधी नाही. ह्या दोन चुका एका तराजूत घालणं मला जमत नाहीये.

वॉसॉचे काका

@मृगजळ, तुमचा प्रश्न योग्य आहे आणि तो ज्याला पडत नाही त्याने बंदूक हातात घेऊ नये असं माझं मत आहे. दोन्ही चुका सारख्या नाहीत, मान्य.

फक्त एवढं बघा की दक्षिण विस्कॉन्सिनात लांडगे जवळजवळ नाहीत, मका-सोयाबीन भरपूर, त्यामुळे हरणांची संख्या शिकारीशिवाय आवरत नाही. मग ती गाडीखाली येतात, रोग पसरतो, जंगलात ओकची रोपं वरच येत नाहीत. कुणीतरी मारणारच आहे, मग ज्याला वेदना कळते त्याने नीट शिकून मारावं. मी गेल्या अकरा वर्षांत एकही गोळी शंकेने मारलेली नाही. तीन सीझन तर एकही गोळी न मारता घरी आलोय, आणि ते रिकाम्या हातांनी आलो असं मला वाटलं नाही.

नॉर्थस्टार_ताई

मी मिनेसोटात, शिकारीतलं मला ओ की ठो कळत नाही पण नऊ वर्षं पक्षाच्या तळातल्या कामात आहे, प्रिसिंक्टपासून (एका मतदान केंद्राचा भाग) सुरुवात केली, त्यामुळे दारोदारचं सांगते.

@ड्रिफ्टलेस, ते अ‍ॅप वाईट नाही, पण ते कशासाठी आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही. शेवटच्या चार दिवसांत आपल्या माणसांना मतदानाला बाहेर काढायचं असतं तेव्हा हिरवे ठिपके. त्याआधीचे तीन महिने सगळी दारं. विशेषतः काउंटी बोर्डासारख्या निवडणुकीला, जिथे बॅलटवर पक्षच नाही आणि एकेका जागेला हजार-दीड हजार मतं पडतात. एका संध्याकाळी पंचवीस घरं धरा, त्यातली दहा-बारा दारं उघडतात. दारात उभं राहून स्वतःबद्दल बोलायचं नाही. 'ह्या रस्त्यावर काय दुरुस्त व्हायला हवंय' एवढंच विचारायचं आणि गप्प उभं राहायचं. ती शांतता फार अवघड जाते, आपल्याला बोलून ती भरायची सवय असते. माझ्या पहिल्या वर्षी मी एका बाईंना चार मिनिटं शाळेच्या बजेटवर ऐकवलं आणि शेवटी कळलं की त्यांच्या मिस्टरांना जाऊन आठवडा झाला होता. दारात बुटांची एकच जोडी होती, ती मला दिसली होती, मी वाचली नाही. तेव्हापासून प्रत्येक दारावरून उतरल्यावर गाडीत बसून वहीत दोन ओळी लिहिते, नाव, काय म्हणाले, कुत्र्याचं नाव काय. अ‍ॅपमध्ये नाही, वहीत.

पत्रकाचं. तुमच्या नावाने जे छापतात त्याचा शेवटचा शब्द तुमचा. युनिट नाराज झालं तर होऊ दे. तुम्ही वाचून गप्प बसलात हे तुम्ही स्वतःच लिहिलंयत, म्हणून आणखी बोलत नाही. ह्या वेळी पहिल्या मीटिंगमध्येच हे ठरवून घ्या, नंतर जमत नाही.

आणि तुमच्या भागात मी जे ऐकते त्यावरून एक मुद्दा तुमच्या हातातच आहे. सीझनमध्ये हरणाचे सांगाडे टाकायला जागा नसते, लोक रस्त्याकडेच्या चरात टाकतात, आणि काका म्हणतात तसा तो रोग मातीत राहतो. विस्कॉन्सिनात डंपस्टर (मोठी कचरापेटी) दत्तक घ्यायची योजना आहे ना, अ‍ॅडॉप्ट-अ-डंपस्टर म्हणून? गावातल्या क्लबने, दुकानाने एक डंपस्टर घ्यायचा आणि लोकांनी सांगाडे त्यात टाकायचे. हे करायला निवडून यावं लागत नाही. ह्याच नोव्हेंबरात करता येईल.

नवीन_पाखरू

मध्येच विचारतो, सॉरी. मी एच-वन-बीवर आहे, मॅडिसनलाच. मला ड्रिफ्टलेसदादांच्या प्रचारात फिरायला आवडेल. चालतं का?

नॉर्थस्टार_ताई

@नवीन_पाखरू, पगार न घेता व्हॉलंटिअर म्हणून फिरता येतं. पैसे मात्र एक डॉलरसुद्धा द्यायचा नाही, ना उमेदवाराला ना पक्षाला, तो कायद्याने गुन्हा आहे. ग्रीन कार्ड झालं की देणगी चालते, मत मात्र सिटिझन झाल्यावरच. आणि तू कोणाच्या मताचे निर्णय घेतोयस असं वाटेल असं काही करायचं नाही, स्ट्रॅटेजीच्या मीटिंगा वगैरे नको. दारं वाजव, वही लिही.

ड्रिफ्टलेस

तीन आठवड्यांनी लिहितोय. काका, ताई, बाभूळबन भाऊ, तुमचं सगळं दोन-दोनदा वाचलं. मृगजळ, तुमचंही.

दिवाळीत गेलो. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, फराळाचा डबा घेऊन, चालत, रस्त्याने, त्याच्या फाटकातून. तो गोठ्यात होता. मी आधी हरणाचं बोललो. म्हटलं दोन वर्षांपूर्वी मी चुकीची गोळी मारली, थांबलो नाही, आणि तुमच्या जमिनीत न विचारता आलो, त्याबद्दल त्या रात्री नीट बोललो नाही. तो हात पुसत ऐकत होता. मग मला गोठ्यामागून खाली ओढ्यापर्यंत घेऊन गेला. एका पडलेल्या विलोखाली जागा दाखवली. म्हणाला हरीण इथे सापडलं, तिसऱ्या दिवशी, कोयोट्यांनी अर्धं खाल्लेलं होतं, मी पुरलं. कुंपणापासून ती जागा दीडशे पावलंसुद्धा नाही. मी त्या रात्री तिच्या जवळून गेलो असणार. म्हणाला, मला वाटलं होतं तू सकाळी येऊन विचारशील.

मला काही बोलता आलं नाही. त्यानेच मग डब्याचं विचारलं. चकली आवडली, करंजी फार गोड वाटली त्याला. बायको बाहेर आली, तिच्याशी बोलताना सांगाड्यांचा विषय निघाला, त्यांच्या चरात दरवर्षी रात्रीतून कोणीतरी दोन-तीन टाकून जातं आणि कुत्रं ओढून अंगणात आणतं. मी डंपस्टरचं सांगितलं. गावातल्या एका दुकानदाराशी बोलणं झालंय, त्याने मागची जागा देतो म्हटलंय, अर्धे पैसे मी घालतोय, बाकीचे तिघाचौघांकडून. २१ नोव्हेंबरला येऊन उभा राहील.

निघताना मी म्हटलं १ डिसेंबरला पेपर्स काढतोय. तो म्हणाला, सही मी करणार नाही, तुमचं ते पत्रक मी अजून विसरलो नाहीये. मी म्हटलं ते माझंच पत्रक होतं, मी वाचलेलं होतं, दुसऱ्या कोणावर ढकलत नाही. त्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, सीझनच्या पहिल्या शनिवारी पहाटे पाचला ये, ओढ्याच्या दक्षिणेला माझा दोघांचा ब्लाइंड (लपून बसायची खोपी) आहे, मुलगा ह्या वर्षी येत नाहीये. आणि फाटकातूनच ये.

लायसन्स काढलं. रविवारी रेंजवर जाऊन वीस गोळ्या मारल्या, शंभर यार्डांवर सगळ्या हाताच्या पंजाएवढ्या जागेत. मृगजळ, मी ठरवलंय की आडवा उभा असेल आणि उजेड असेल तरच, नाहीतर नाही. वही घेतलीय, पहिल्या पानावर त्याचं आणि त्याच्या कुत्र्याचं नाव आहे. नवीन_पाखरू, तुझा नंबर व्यनि कर, डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी सह्यांना निघू, बर्फाचे बूट लागतील.

काका, एक विचारायचं होतं. सीडब्ल्यूडीच्या टेस्टसाठी किऑस्कमध्ये (नमुने टाकायची पेटी) डोकं ठेवताना मानेचा किती भाग राखायचा, आणि ते फील्ड ड्रेसिंगच्या (जागेवरच आतडी काढायच्या) वेळीच कापू की घरी आल्यावर? त्याला विचारलं असतं, पण त्या दिवशी एवढंच पुरे वाटलं.

वॉसॉचे काका

चार-पाच इंच राख, टेस्ट ज्यांवर होते त्या गाठी, लिम्फ नोड्स, घशाजवळ असतात, डोक्याला चिकटून कापलंस तर ते हातचे जातात. घरी आणून काप, घाई नाही. रबरी हातमोजे घाल. रजिस्ट्रेशन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत, फोनवरून होतं, तिथे मिळणारा नोंदणीचा नंबर लिहून ठेव, किऑस्कमधल्या फॉर्मवर लागतो. रिपोर्ट येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये वेगळं ठेव, कोणाला वाटू नकोस.

आणि पाचला म्हणाला असेल तर पावणेपाचला फाटकापाशी जा.